प्रश्न तुमचे : बॅरिअरची उंची कुणी ठरवायची?

या महिन्याच्या टपालात नेहमीप्रमाणे ग्रहणं आणि मोबाइलच्या लहरी यांवरची पत्रं जास्त होती. ती पुढच्या अंकात घेते. मागच्या अंकात मी निहोनियम या 113 क्रमांकाच्या मूलद्रव्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. जपानच्या रिकेन संस्थेत जस्ताची केंद्रकं बिस्मथवर आदळून ते तयार केलं आणि तीनच अणू हाती लागले, एवढाच मजकूर होता. त्यावर चार पत्रं आली आणि चारही उत्तर द्यावं अशी आहेत. दोन नंबरच्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. संपादकांनी कुरकुर केली, पण ऐकलं.

प्रश्न : अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. दोन केंद्रकांच्या संमीलनातलं बॅरिअर समजावताना मी खंडाळ्याच्या घाटाचं उदाहरण देतो. दम असेल तर गाडी घाट चढते, नसेल तर बोगद्यातून जाते. चालेल ना? — एक शिक्षक, बार्शी

पहिल्या तासाला चालेल. संमीलन म्हणजे दोन केंद्रकं एकजीव होणं, आणि बॅरिअर म्हणजे त्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईहून सोलापूरला येणाऱ्याला हा घाट झोपेतही कळतो. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिनं लागल्याचा धक्का बसतो आणि मग 37 फुटांना एक फूट असा चढ सुरू होतो. पण मुलांना घाट दाखवलात, तर तो कशाने झाला हेही आकड्यांनी दाखवा.

ऑक्सिजन-16 आणि समेरियम-154 ही जोडी घ्या. एकात 8 प्रोटॉन, दुसऱ्यात 62. गुणाकार 496. त्याला 1.44 ने गुणलं की 714 येतात. केंद्रकं किती फर्मी (मीटरचा 10 च्या उणे 15 वा घात) अंतरावर आहेत त्याने भागलं की विद्युत प्रतिकर्षणाची ऊर्जा एमईव्हीमध्ये (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) मिळते. साधारण 11 फर्मीला ही ऊर्जा 65 होते. तिथेच केंद्रकांमधलं आकर्षण जागं होतं. त्याचा पल्ला आखूड, पण जोर मोठा. ते चार-सहा एमईव्ही खाऊन टाकतं आणि माथा उरतो 60 च्या आसपास. त्याच्या आत उतार. फळ्यावर तीन मिनिटांचं गणित आहे. मुलांना आपणच घाट बांधल्याचं समाधान मिळतं.

बोगद्याचं म्हणाल, तर तो कुणी खोदून ठेवलेला नसतो. माथ्याच्या खालून पलीकडे निघण्याची शक्यता असते, इतकंच. 1928 मध्ये गॅमोने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, अल्फा कण केंद्रकातून बाहेर कसा पडतो हे याच वाटेने समजावलं. आपण उलट दिशेने आत शिरतोय. आपल्या जोडीत माथ्याच्या 4 एमईव्ही खाली असाल तर साधारण पाचशेतला एक प्रयत्न साधतो. 8 खाली गेलात तर जवळजवळ तीन लाखांतला एक. हे आकडे माथ्याला उलट्या पॅराबोलाचा आकार मानून काढलेले आहेत. फार खोल गेलं की तो आकार उपयोगाचा नाही, कारण बाहेरच्या अंगाने अडथळा लांबत जातो.

तुमच्या उदाहरणाची खरी अडचण मात्र पुढे आहे. खंडाळ्याचा घाट समोर कोणती गाडी आली ते बघून आपली उंची बदलत नाही. केंद्रकांचा बदलतो. याच मुद्द्यावरचं खालचं पत्र वाचा.

प्रश्न : मॅडम, माझा प्रोजेक्ट ऑक्सिजन-16 अधिक समेरियम-154 यांच्या संमीलनाचा आहे. सीसीफुल हा संमीलनाचं गणित करणारा प्रोग्राम वापरते. दोन्ही केंद्रकं निष्क्रिय धरली तर 60 एमईव्हीच्या खाली क्रॉस सेक्शन (संमीलनाची शक्यता, क्षेत्रफळाच्या मापात) मोजमापापेक्षा फारच कमी येतो. समेरियम फिरता धरला की छान जुळतो. मग मी ऑक्सिजनची 6.13 एमईव्हीची अवस्थाही घातली, म्हटलं अजून छान जुळेल, तर सगळंच सरकलं. एक सीनियर म्हणतात, डिफ्यूजनेस वाढव, बसेल. हे मॉडेलिंग की जुगाड? आणि बॅरिअर डिस्ट्रिब्यूशन (कोणत्या उंचीची बॅरिअर किती, याचं वाटप) काढलं तर नुसती करवत दिसते. — एम.एस्सी. भाग 2 ची विद्यार्थिनी, विद्यापीठ वसतिगृह, सोलापूर

पत्र वाचून बरं वाटलं. पुणे रोडवरच्या त्या वसतिगृहात एप्रिलच्या उकाड्यात लॅपटॉप तापवत फोरट्रान चालवणारी मुलगी आहे, याचं मला अप्रूप आहे. हागिनो, रोली आणि क्रुप्पा यांनी 1999 मध्ये हा प्रोग्राम सगळ्यांसाठी मोकळा केला. आकाराने लहान, चालायला पटकन. त्यामुळेच तो न विचार करता चालवायचा मोहही फार. इनपुट फाइलच्या दुसऱ्या ओळीत तू -1 लिहिलंस तर केंद्रक निष्क्रिय, 0 लिहिलंस तर थरथरणारं, 1 लिहिलंस तर फिरणारं. तो एक आकडा टाइप करताना तू निसर्गाबद्दल मोठं विधान करत असतेस.

आधी जुनी गोष्ट. वाँग यांनी 1973 मध्ये एकाच बॅरिअरसाठी सुटसुटीत सूत्र दिलं. ते माथ्याच्या वर अजूनही उत्तम चालतं. माथ्याखाली मात्र 1978 मध्ये स्टोकस्टाड आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-16 चा मारा समेरियमच्या 148, 150, 152 आणि 154 या समस्थानिकांवर केला, आणि हिशेब बिघडला. चौघांतही प्रोटॉन 62 च, म्हणजे विद्युत प्रतिकर्षण जवळपास सारखंच. तरी 154 शी संमीलन माथ्याखाली कितीतरी जास्त. फरक होता आकाराचा. 148 बऱ्यापैकी गोल, 154 लांबट. दोन वर्षांनी बेकरमन यांच्या गटाने निकेलच्या जोड्यांतही असाच घोळ दाखवला. 58 आणि 64 ही मिश्र जोडी 58-58 आणि 64-64 या दोन्हींपेक्षा वेगळी वागली, कारण तिच्यात न्यूट्रॉनची देवाणघेवाण ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याची ठरते. ती वाट तुझ्या प्रोजेक्टमध्ये नको. सध्या समेरियमवरच थांब.

समेरियम-154 ची त्रिज्या सरासरी 6.4 फर्मी. विकृती, म्हणजे लांबटपणाचा आकडा, 0.3 धरली तर टोकाकडे ती 7.6 होते आणि कमरेशी 5.8. ऑक्सिजन टोकाकडून आला तर आकर्षणाला लवकर पोचतो, तेव्हा दोन्ही केंद्रकांचे मध्य अजून लांब असतात, म्हणून प्रतिकर्षण कमी आणि माथा काही एमईव्ही खाली. कमरेकडून आला तर माथा थोडा वर. शलाकेतल्या, म्हणजे मारा करणाऱ्या कणांच्या झोतातल्या, प्रत्येक ऑक्सिजनला समेरियम वेगळ्या कलाने भेटतो. त्यामुळे प्रत्येकाचं बॅरिअर वेगळं. कमरेकडून भेटण्याच्या दिशा जास्त, टोकाकडून कमी, म्हणून बॅरिअरच्या वाटपात वरच्या ऊर्जेला टेकाड आणि खालच्या बाजूला लांब शेपूट. माथ्याखाली तुला जे जास्तीचं संमीलन दिसलं ते या शेपटीतून येतं.

आता तुझा ऑक्सिजन का बिघडला? याचं उत्तर प्रोग्रामच्या मॅन्युअलमध्ये शोधू नकोस, घड्याळात शोध. बॅरिअरच्या माथ्याची वक्रता या जोडीत सुमारे 4 एमईव्ही आहे. माथा ओलांडण्याचा काळ तिच्यावरून येतो, सेकंदाच्या 10 च्या उणे 22 व्या घाताएवढा. समेरियमची पहिली उत्तेजित अवस्था फक्त 0.082 एमईव्हीवर आहे. म्हणजे त्याचं फिरणं पन्नासपट सावकाश. टक्कर होते तेव्हा तो ज्या कलाने आहे त्याच कलाने गोठलेला असतो, आणि म्हणून वेगवेगळी बॅरिअर मिळतात. ऑक्सिजनची अवस्था 6.13 एमईव्हीवर, म्हणजे माथ्याच्या वक्रतेपेक्षाही वर. ती इतकी चपळ की समेरियम जवळ येईल तसतसा ऑक्सिजन आपला आकार जुळवून घेतो. तिच्यामुळे बॅरिअर फुटत नाही, सगळं वाटप जसंच्या तसं खाली सरकतं. आणि तुझं पोटेन्शियल (केंद्रकांमधल्या आकर्षणाचं सूत्र) तू मोजमापाला जुळवून घेतलेलं असल्याने ते सरकणं त्यात आधीच जमा आहे. तू तेच दुसऱ्यांदा मोजलंस. तेव्हा ऑक्सिजन घालायचा असेल तर पोटेन्शियल नव्याने बसव, नाहीतर त्याला -1 वर राहू दे आणि अहवालात कारण लिही. परीक्षक हे विचारतातच.

याच चष्म्यातून समेरियम-144 बघ. 82 न्यूट्रॉनचं बंद कवच, आकार गोल, फिरण्याचा प्रश्न नाही. त्याची थरथर 1.66 आणि 1.81 एमईव्हीला आहे, म्हणजे मधल्या चपळाईची. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या ली आणि सहकाऱ्यांनी ते 1995 च्या सुमारास फार बारकाईने मोजलं. तिथे वाटपात दोन वेगळी टेकाडं दिसतात, एक मोठं 60 च्या जवळ आणि एक छोटं 65 च्या जवळ. प्रोजेक्टमध्ये 154 शेजारी 144 चा आलेख लाव. प्रोटॉन तेवढेच असून चित्र किती वेगळं ते एका नजरेत दिसेल.

करवतीकडे येते. रोली, सॅचलर आणि स्टेल्सन यांनी 1991 मध्ये सांगितलं की ऊर्जा गुणिले क्रॉस सेक्शन याचं दोनदा अवकलन केलं की बॅरिअरचं वाटप हाती येतं. कल्पना इतकी सुंदर की त्या वर्षांत या विषयातले सगळेच तिच्या मागे लागले, आमच्यासारखे बाहेरून शलाका मागायला जाणारेसुद्धा. पण दोनदा अवकलन म्हणजे तीन बिंदूंची वजाबाकी, आणि वजाबाकीत चुका फुगतात. करून बघ. ऊर्जा 65, क्रॉस सेक्शन 400 मिलीबार्न (बार्न हे त्याचं एकक), मोजमापाची अचूकता एक टक्का, म्हणजे 4 मिलीबार्न. बिंदूंमधलं अंतर 1.8 एमईव्ही घेतलंस तर वाटपातली अनिश्चितता सुमारे 200 मिलीबार्न प्रति एमईव्ही येते. ज्या टेकाडाला शोधतेस त्याची उंची चारशे-पाचशे. म्हणजे जेमतेम दिसेल. तू बाजूबाजूचे बिंदू घेतलेस, अंतर अर्ध्या एमईव्हीचं असणार. अंतर कमी केलं की अनिश्चितता त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, ती अडीच हजारावर जाते. तुझी करवत ती आहे. त्यात भौतिकशास्त्र काही नाही. दोन एमईव्हीच्या आसपासचं अंतर घे, आणि तुझ्या सैद्धांतिक वक्रालाही तेवढ्याच अंतराने वजाबाकी लाव, नाहीतर तुलना खोटी होईल. 65 च्या वर तर अनिश्चितता वाढतच जाते. तिथे टेकाडं शोधत बसू नकोस.

डिफ्यूजनेस वाढवायचा सल्ला. इथे मी थोडी कडक आहे. केंद्रकाच्या कडेला पोटेन्शियल किती हळू विरतं ते सांगणारा हा आकडा. केंद्रकं नुसती एकमेकांवरून विखुरली जातात त्या प्रयोगांतून तो 0.63 फर्मीच्या आसपास येतो. संमीलनाच्या मोजमापांना मात्र तो 0.75 पासून 1.5 पर्यंत लागतो, असं न्यूटन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये अनेक जोड्या एकत्र बघून दाखवलं. एकाच कडेला दोन आकडे. याचा अर्थ आपल्या मॉडेलातून काहीतरी गळतंय, बहुधा माथा ओलांडल्यावर आत होणारी ऊर्जेची झीज. सीनियर म्हणतात तसा आकडा ओढून रेषा बिंदूंवर बसेल, पण मग ती रेषा कशाचा पुरावा?

मी सांगते ते असं. माथ्याच्या बऱ्याच वरचे बिंदू घेऊन पोटेन्शियल पक्कं कर आणि त्याला पुन्हा हात लावू नकोस. विकृतीचे आकडे, लांबटपणाचा आणि आकारातल्या त्याहून बारीक फरकाचा असे दोन्ही, संमीलनाबाहेरच्या प्रयोगांतून घे. दुसरा लहान असतो, 0.05 च्या घरातला, पण शेपटीचा आकार तो ठरवतो. टंगस्टन-186 मध्ये त्याचं चिन्ह उलटं आहे आणि वाटपाचा आकार लगेच बदलतो. फिरण्याच्या पातळ्या एकेक वाढवत जा, उत्तर हलायचं थांबलं की थांब. मग माथ्याखालचा भाग एकदाच चालव. जे जुळणार नाही ते तसंच छाप. 0.63 आणि तुला लागलेला आकडा, दोन्ही वक्र शेजारी ठेव. जुगाड लपवला की जुगाड. उघडा ठेवला तर तो प्रश्न होतो, आणि प्रोजेक्टला एक खरा प्रश्न पुरतो.

पुढे कधी स्वतः मोजावंसं वाटलं तर दिल्लीला जेएनयूशेजारचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर विद्यापीठांतल्या माणसांसाठीच आहे. प्रस्ताव लिहायचा, समितीपुढे मांडायचा, पटला तर शलाका मिळते. आमच्या वेळी त्याचं नाव न्यूक्लिअर सायन्स सेंटर होतं. कर्नाटक एक्स्प्रेसने जायचो, डब्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणी, कारण ती दिल्लीत पोचल्यावरही टिकायची आणि रात्रपाळीला कँटीनच्या भरवशावर राहावं लागत नसे. हिरा नावाचं उपकरण तिथे आहे. विद्युत, चुंबकीय आणि पुन्हा विद्युत क्षेत्रातून नेऊन ते सरळ पुढे जाणाऱ्या शलाकेतून संमीलनाचे अवशेष वेगळे काढतं. पहाटे तीनला पडद्यावर ते ठिपके वेगळे उमटलेले बघितले की प्रोग्राममधला -1 टाइप करताना हात आपोआप थबकतो. मार्गदर्शकांना विचार. वय तुझ्या बाजूचं आहे.

प्रश्न : मुलगा अणुकेंद्रकांच्या भौतिकशास्त्रात पुढे जायचं म्हणतो. घरात सगळे घाबरलेत. हे बाँबचंच काम ना? किरणोत्सर्गाचं काय? — एक आई, विजापूर रोड, सोलापूर

ताई, बाँबचं नाही. वरच्या उदाहरणात ऑक्सिजन आणि समेरियम मिळून यटर्बियम-170 होतं, आणि त्यात ऊर्जा सुटत नाही, उलट सुमारे 16 एमईव्ही खर्ची पडते. लोखंडाच्या पुढच्या केंद्रकांना जोडायला पदरचं घालावं लागतं. साखळी लागण्याचा प्रश्नच नाही. शलाका बंद केली की संमीलन त्याच क्षणी थांबतं.

भट्टीत तापवूनही हे होत नाही. 60 एमईव्हीला तापमानात मांडलं तर सत्तर हजार कोटी अंश येतात, सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी. म्हणून त्वरक लागतो, ऑक्सिजनला प्रकाशाच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याच्या वेगाने पळवायला. किरणोत्सर्ग असतो, शलाका चालू असताना त्या दालनात कुणाला जाऊ देत नाहीत, दारं आपोआप अडतात आणि प्रत्येकाच्या खिशाला मात्रा मोजणारा बिल्ला असतो. मी आयुष्यातली बरीच वर्षं तो लावला. मुलाला जाऊ द्या. घाबरायचंच असेल तर नोकऱ्या कमी आहेत याला घाबरा, आणि तेही त्याला स्पष्ट सांगा. संगणकावरचं मोजणं तो चांगलं शिकला तर उपाशी राहणार नाही.

प्रश्न : मॅडम, गिरणीत जॉबर होतो. तीन अणू मोजायला जपानवाले नऊ वर्षं बसले म्हणे. एवढी ताकद लावून मारायलेत तर चिकटत का नाही? बॅरिअर ओलांडलं की झालं ना? — अक्कलकोट रोड, सोलापूर

अण्णा, प्रश्न नेमका आहे. वरच्या मुलीचा प्रोग्राम हेच गृहीत धरतो, की माथ्याच्या आत उतरलेली जोडी परत येत नाही. ऑक्सिजनसारखं हलकं केंद्रक असताना ते खरं ठरतं. जड जोडीत नाही.

ऑक्सिजन-समेरियममध्ये प्रोटॉनांचा गुणाकार 496 होता. जस्त-बिस्मथमध्ये 30 गुणिले 83, म्हणजे 2490. एवढं प्रतिकर्षण असलं की दोघं माथा ओलांडतात, अंगाला अंग लागतं, काही न्यूट्रॉन-प्रोटॉनांची अदलाबदल होते, आणि एकजीव होण्याआधीच जोडी दोन तुकड्यांत सुटते. याला क्वासी-फिशन म्हणतात आणि बहुतेक टकरी त्यातच जातात. एखादी जोडी खरोखर एकजीव झाली तरी ती तापलेली असते. एक न्यूट्रॉन सोडून शांत झाली तर निहोनियम-278 उरतं, नाहीतर ती दुभंगते. तीन पायऱ्या आहेत, पकडणं, एकजीव होणं आणि वाचणं. पहिलीचं मॉडेल बऱ्यापैकी विश्वासाचं आहे. तिसरीचं चालण्याजोगं. मधल्या पायरीवर नावाजलेल्या गटांची उत्तरं एकमेकांपासून कित्येक पटींनी वेगळी पडतात, आणि कुणाचं खरं हे ठरवायला मोजमाप पुरेसं नाही, कारण मोजायला अणूच मिळत नाहीत.

रिकेनला पहिला अणू 2004 मध्ये मिळाला, दुसरा 2005 मध्ये आणि तिसरा 2012 मध्ये. क्रॉस सेक्शन 22 फेम्टोबार्न. ऑक्सिजन-समेरियमच्या 400 मिलीबार्नशी ताडलं तर अठरा लाख कोटी पटींनी लहान. दुब्नाच्या रशियन प्रयोगशाळेने दुसरी वाट धरली. हलकं आणि न्यूट्रॉनांनी भरलेलं कॅल्शियम-48 कॅलिफोर्नियम-249 वर मारलं, गुणाकार 1960 वर आला आणि 2006 मध्ये अमेरिकन सहकाऱ्यांसोबत 118 क्रमांकाचं ओगानेसन मिळाल्याचं जाहीर झालं. पण कॅलिफोर्नियमच्या पुढच्या मूलद्रव्यांचं लक्ष्य करायला पुरेसा ऐवजच मिळत नाही. म्हणून 119 आणि 120 साठी कॅल्शियम सोडून टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम यांच्याकडे वळावं लागलं आहे, आणि तिथे गुणाकार पुन्हा चढतो.